मरियेचा होकार
नाताळ हा येशूच्या जन्माचा सोहळा. परंतु त्या जन्माआधी एक होकार आहे, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नासरेथच्या मरियेपुढे देवदूत गाब्रिएल ईश्वराचा संकल्प मांडतो. ती एक शंका विचारते आणि मग संमती देते. या घटनेचा सण २५ मार्चला, नाताळापूर्वी बरोबर नऊ महिने असतो. पुण्याच्या नाना पेठेत, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिलेले सिटी चर्च याच मरियेच्या नावाचे आहे.

संकल्प जर सर्वसमर्थ ईश्वराचा, तर मरियेला ‘नाही’ म्हणता आले असते काय? नसते, तर तो होकार कसला? आणि आले असते, तर ईश्वरी संकल्प एका ग्रामकन्येच्या मर्जीवर अवलंबून होता काय?

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांच्या मते ईश्वर हे प्रथम कारण, तर जीव हे दुय्यम, पण खरेखुरे कारण. एका गाडीच्या दोन बैलांप्रमाणे त्यांच्यात भाराची वाटणी नसते. ईश्वर प्रत्येकाला त्याच्या स्वभावानुसार चालवितो. अग्नीला नियमाने, मानवी इच्छेला स्वातंत्र्याने.

तरीही वाद मिटला नाही. कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील, हे आधीच जाणून ईश्वर योजना करतो, असे जेझुइट पंडित मोलिना यांनी १५८८ मध्ये मांडले. डोमिनिकन पंडितांना त्यात ईश्वराच्या प्रथमत्वाला उणेपणा दिसला. अखेर १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणालाही पाखंडी न ठरविता वाद थांबविला. पुढे १६१६ मध्ये जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले आणि ख्रिस्तकथा मराठी ओवीत आली.

हा पेच आपल्यालाही परका नाही. ब्रह्मसूत्रांतील परायत्ताधिकरणात जीवाचे कर्तृत्व ईश्वराधीन म्हटले आहे. मात्र ईश्वर जीवाच्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवतो, असेही सांगितले आहे. शंकराचार्य पावसाचा दृष्टान्त देतात : पाऊस सर्वांना सारखा, अंकुर ज्याच्या त्याच्या बीजाचा. परंतु आचार्यांना अनादि संसाराचा आणि पूर्वकर्माचा आधार आहे. पुनर्जन्म न मानणाऱ्या कॅथलिक विचाराला उत्तर याच एका जन्मातील निवडीत शोधावे लागते. म्हणून तेथे मरियेच्या त्या क्षणाला एवढे मोल.

‘सारे देवाच्याच इच्छेने होते, मग आमचा दोष काय?’ असे कीर्तनानंतर विचारणारे श्रोते नेहमी भेटतात. त्यांना दोन्ही परंपरा एकच सांगतात : ईश्वरेच्छा हा आधार आहे, पळवाट नव्हे. होकार ज्याचा त्यानेच द्यावयाचा असतो.