कावळा, फांदी आणि एक इंजेक्शन

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी प्रश्न विचारला होता. आपला विषय कार्यकारणभावाचा, आणि प्रश्न त्याला अगदी धरून आहे. त्यांच्या वडिलांच्या मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढली. ऑपरेशनआधी अँटिबायोटिकचं एकच इंजेक्शन दिलं, घरी गोळ्या नाहीत. शेजारच्या काकांना मात्र पाच दिवस गोळ्या होत्या आणि त्यांना काही त्रास झाला नाही. मग वडिलांच्या बाबतीत हयगय झाली का?

आता बघा, त्रास झाला नाही तो गोळ्यांमुळेच, हे कशावरून? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच वेळ, असं आपण म्हणतो. शास्त्रात तोच काकतालीय न्याय. नैयायिक म्हणतील, नुसता अन्वय नको, व्यतिरेकही दाखवा. गोळ्या न घेणाऱ्यांचं काय झालं? ते एका शेजाऱ्यावरून कळत नाही. दोन गटांची तुलना करावी लागते.

इंजेक्शन आधीच का? 1961 मध्ये जॉन बर्क यांनी गिनीपिगांच्या त्वचेत जंतू टोचून पाहिलं. औषध आधी दिलं तेव्हा संसर्ग दबला. तीन तास उलटल्यावर दिलं तेव्हा उपयोग झाला नाही. या ऑपरेशनमध्ये गाठ खरवडताना मूत्राशयाचं अस्तर उघडं पडतं. औषध त्या वेळी शरीरात हजर हवं, म्हणून ते साधारण आधीच्या तासाभरात देतात.

'कोर्स पूर्ण करा' हा नियम झालेल्या संसर्गाच्या उपचाराचा, प्रतिबंधाचा नव्हे. ऑपरेशनआधी लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, तर मात्र तो उपचारच, आणि तो आधी करतात.

बरं, चार गोळ्या जास्त घेतल्या तर बिघडलं कुठे? बिघडतं. औषधाला बळी पडणारे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि पसरतात. रक्तदाबाची गोळी माझ्यापुरती असते. अँटिबायोटिक तसं नाही. शिवाय ही गाठ पुन्हा उद्भवू शकते, दुर्बिणीची तपासणी वारंवार होते. आज वाया घालवलेलं औषध उद्या त्याच रुग्णाला लागेल.

तेव्हा बाई, एकच इंजेक्शन दिलं म्हणून हयगय झाली असं ठरत नाही. ताप किंवा थंडी वाजून आली तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. आणि कुणी गोळ्या लिहून दिल्या, तर विचारा: हा उपचार की प्रतिबंध?