खारकच्छ : वाळूच्या दांड्यामागचे पाणी

भारताच्या नकाशात ओडिशाच्या किनाऱ्यावर चिल्का सरोवर दाखवलेले असते. पण ते नेहमीचे गोड्या पाण्याचे सरोवर नव्हे, आणि कोकणातल्यासारखी खाडीही नव्हे. समुद्राचे पाणी नदीच्या दरीत शिरले की खाडी होते. चिल्का हे खारकच्छ आहे. काही पाठ्यपुस्तकांत यालाच ‘खाजण’ म्हटले आहे. ते कसे तयार होते ते पाहू.

शेवटच्या हिमयुगानंतर बर्फ वितळून समुद्राची पातळी वाढत गेली. सुमारे ६-७ हजार वर्षांपूर्वी ही वाढ मंदावली आणि किनारे बरेचसे स्थिरावले. पुढचे काम लाटांनी केले. लाट किनाऱ्यावर तिरपी चढते, पण तिचे पाणी उतारावरून सरळ खाली परतते. त्यामुळे वाळूचे कण नागमोडी वाटेने किनाऱ्यालगत पुढे सरकतात. ओडिशात हा प्रवास मुख्यतः नैऋत्येकडून ईशान्येकडे होतो. जेथे किनारा आत वळतो तेथे वाळू साचून दांडा तयार होतो. तो लांबत जाऊन आतले उथळ पाणी समुद्रापासून जवळजवळ तोडतो. हेच खारकच्छ.

यातला ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दांड्यात एखादे मुख उघडे राहते. त्यातून भरतीचे खारे पाणी आत येते. दुसरीकडून दया, भार्गवी या नद्या गोडे पाणी आणि गाळ आणतात. दोन्ही मिसळून पाणी मचूळ होते. समुद्रातून येणारे मासे आणि कोळंबी याच मुखातून ये-जा करतात.

मात्र वाळू थांबत नाही. चिल्काचे मुख सरकत दूर गेले, जोडणारा प्रवाह गाळाने भरू लागला. खारेपणा घटला, गोड्या पाण्यातल्या वनस्पती माजल्या, मासळी कमी झाली. त्याची झळ हजारो मच्छीमार कुटुंबांना बसली. १९९३ मध्ये रामसर कराराखालील धोक्यातल्या पाणथळींच्या नोंदीत चिल्काचे नाव गेले. सप्टेंबर २००० मध्ये दांडा कापून नवे मुख उघडले. खारेपणा परतला, मासळी काही पटींनी वाढली. २००२ मध्ये ते नाव त्या नोंदीतून वगळले गेले.

म्हणजे खारकच्छ ही नदी, लाटा आणि भरती-ओहोटी यांच्यातली तात्पुरती तडजोड आहे. ती मोडली तर काय होईल? वाळूने मुख पूर्ण बंद झाले, तर आतल्या पाण्याची चव पावसाळ्यात कशी असेल आणि भर उन्हाळ्यात कशी? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा.