गुरांची रक्ततपासणी : निकालानंतर काय?

सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली की तिचा मालक त्याचे कारण बहुधा दुसऱ्या जनावराच्या धडकेत, चिखलात पाय घसरण्यात किंवा दैवात शोधतो. पडलेले वासरू आणि वार गावाबाहेर टाकली जाते, गोठा धुतला जातो आणि गोष्ट तेथेच मिटते. रोग मात्र तेथे मिटत नाही. त्या वारेत आणि स्रावात ब्रुसेला जातीचे जंतू असतील, तर तेथे तोंड घालणारे दुसरे जनावर त्यांचे पुढचे घर होते. ‘सांसर्गिक गर्भपात’ हे या रोगाचे जुने नाव सार्थ आहे. ब्रुसेल्लोसिस हे त्याचे शास्त्रीय नाव.

या नावामागे डेव्हिड ब्रूस हा लष्करी डॉक्टर आहे. माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत त्याला १८८७ मध्ये हे जंतू आढळले. ते येतात कोठून, याचा उलगडा होण्यास १९०५ साल उजाडावे लागले. थेमिस्टोक्लीज झामिट याने बेटावरच्या शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा दिसावयास धडधाकट असलेल्या शेळ्याच रोगाचे आगर निघाल्या. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि ताप ओसरला. गाईंमधील याच कुळातला जंतू डेन्मार्कमध्ये बांग याने १८९७ मध्येच शोधला होता. जनावराच्या अंगकाठीवरून हा रोग ओळखता येत नाही. त्यासाठी रक्तच पाहावे लागते, हा माल्टाचा धडा आजही जुना झालेला नाही.

तपासणी तशी सोपी आहे. मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढावयाचे, ते गोठल्यावर वर येणारा रक्तद्रव घ्यावयाचा आणि त्याचा एक थेंब गुलाबी रंग दिलेल्या मृत जंतूंच्या द्रावणात मिसळावयाचा. चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर संशय पक्का. मग एलायझासारख्या चाचणीने खात्री करावयाची. नुकत्याच गाभडलेल्या गाईचा निकाल कधी कधी निर्दोष येतो, म्हणून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याला ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे. आठ तालुक्यांचा हा मुलूख धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. गावाची गुरे एका गुराख्यामागे एकत्र चरतात, एकाच तलावावर पाणी पितात. एका बाजूस मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूस छत्तीसगड; बाजारात हात बदलणारे जनावर राज्याची सीमा जाणत नाही. वार उघड्या हातांनी काढणारा मालक आणि कच्चे दूध पिणारे मूल यांनाही हा रोग होतो. चढउताराचा ताप, रात्रीचा घाम, सांध्यांचे आणि कंबरेचे दुखणे ही त्याची लक्षणे. ज्या भागात तापाचा पहिला संशय मलेरियावर जातो, तेथे ब्रुसेलाची आठवण कोणाला व्हावी? निदान झाले तर किमान सहा आठवड्यांच्या औषधोपचाराने माणूस बरा होऊ शकतो. पण निदानच होत नाही, हे खरे दुखणे आहे.

खरी अडचण सुरू होते ती जनावर बाधित ठरल्यावर. गाईला त्यातून बरे करील असा व्यवहार्य उपचार नाही. ऑस्ट्रेलियाने लसीकरणाच्या जोडीला बाधित जनावरे शोधून मारण्याचा मार्ग धरला आणि १९८९ मध्ये गुरांमधील हा रोग हद्दपार केला. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याने गाईंचा आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूंचा वध निषिद्ध आहे. तेव्हा उरतो तो जनावर कायमचे वेगळे बांधण्याचा उपाय. पण ज्याच्या घरी दोन गाई आणि एकच गोठा आहे, त्याने वेगळे बांधावे कोठे? आणि जिचे दूध विकू नये, जिला कळपात सोडू नये, तिला चारा घालावा कशाच्या बळावर? तो मुकाट्याने तिला बाजार दाखवितो. तपासणीने सापडलेला रोग बाजाराच्या वाटेने दुसऱ्या गावी जातो. यात शेतकऱ्याचा लोभ शोधण्यापेक्षा त्याची निरुपायता पाहणे न्यायाचे ठरेल.

सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना आयुष्यात एकदा लस देण्याची तरतूद झाली. ती योग्यच आहे. परंतु लस उद्याच्या गाईला वाचविते, आज बाधित असलेल्या गाईला ती बरे करीत नाही. शेळ्या तर या लसीकरणाच्या बाहेरच राहिल्या आहेत.

म्हणून रक्ताचा नमुना घेण्यापूर्वीच निकालानंतरची सोय ठरली पाहिजे. बाधित जनावराच्या मालकास भरपाई किंवा बदली जनावर, तालुक्यात अशा गुरांसाठी वेगळा निवारा, कानातील बिल्ल्याच्या क्रमांकावर निकालाची नोंद आणि त्या घरातील माणसांच्या तपासणीसाठी आरोग्य केंद्रास सूचना, एवढे तरी हवेच. गाभडलेले वासरू चुना टाकून खोल पुरावे, वारेला उघडा हात लावू नये, दूध उकळूनच प्यावे, या गोष्टी शाळाशाळांतून सांगता येतील. त्याला खर्चही नाही. खरे सांगणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान आणि लपविणाऱ्याचा फायदा, असा हिशेब जोवर राहील, तोवर पशुवैद्यास कोणी गोठ्याचे दार मनापासून उघडणार नाही.