धक्क्यांची माळ: वसमत परिसराचा मागोवा

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या जमिनीतून गूढ आवाज येतात, ही बातमी आता मराठवाड्याला जुनी झाली आहे. आकडे मात्र ठळक झाले ते अलीकडेच. हिंगोली परिसरात 20 नोव्हेंबर 2023 ला 3.5 रिश्टरचा धक्का बसला. 21 मार्च 2024 च्या सकाळी 4.5 आणि अकरा मिनिटांनी 3.6, मग 10 जुलैला पुन्हा 4.5. असे आकडे ओळीने दिसले की मन लगेच पुढचा शोधू लागते. माझ्या मते या माळेत नियम आहे, पण तो ‘किती’चा, ‘केव्हा’चा नाही. तीव्रता एकाने वाढली की धक्क्यांची संख्या साधारण दहापट घटते, हा गुटेनबर्ग-रिश्टर यांचा 1944 मधला हिशेब जगभर टिकला. तारखेचा हिशेब मात्र कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डला फसला. तिथले भूकंप 1857, 1881, 1901, 1922, 1934 आणि 1966 चे. सरासरी अंतर 22 वर्षे. म्हणून पुढचा 1993 च्या आत येणार असे ठरले, उपकरणे लागली, आणि भूकंप उगवला 2004 मध्ये. सहा नोंदींवर इतका भरवसा!

यावर कोणी किल्लारीकडे बोट दाखवेल: 30 सप्टेंबर 1993 च्या 6.2 च्या भूकंपाआधी, 1992 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे धक्के बसलेच होते. खरे आहे, पण ते पूर्वसूचना ठरले मागाहून. ज्या गावांत जमीन गुरगुरून गप्प बसली, त्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही. कोयनेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तिथे मे 2006 मध्ये पंधरा दिवसांसाठी वर्तवलेला चारच्या आसपासचा धक्का खरोखर आला. मात्र कोयनेचे क्षेत्र लहान, नोंदी 1967 च्या आधीपासूनच्या, आणि चारचे धक्के तिथे नवलाचे नाहीत. वसमतकडे ही पुंजी नाही. छोटे धक्के जमिनीचा ताण हलका करतात, हा दिलासाही हिशेबात बसत नाही: तीव्रतेच्या एका अंकामागे ऊर्जा सुमारे 32 पट वाढते, म्हणजे किल्लारीएवढी ऊर्जा सुटायला 4.5 चे साडेतीनशेच्या आसपास धक्के लागतील. किल्लारीत जीव गेले ते दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळून. मार्च 2024 च्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडमध्ये प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवायला सांगितले. त्या सूचनेला तारीख लागली नाही.