लॉनवरच्या काटक्या

मैत्रिणींनो, हल्ली लग्न म्हटलं की हॉल नाही, लॉन! गावाबाहेर हायवेला लागून एक-दोन एकरांची हिरवळ, कडेनं गुलमोहर, नीलगिरी, कुंपणाला कन्हेर आणि कमानीवर दिव्यांच्या माळा. पैठणीच्या निऱ्या सावरत आपण त्यावरून मिरवतो. पण आदल्या संध्याकाळी वळीव कोसळला असेल, तर तीच हिरवळ पहाटे कशी दिसते, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय?

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. दिसायला देखणा, पण लाकडाचा ठिसूळ. नेमका तो फुलतो त्याच दिवसांत वळवाचं वारं सुटतं आणि फांद्या कडाकड मोडतात. जोडीला त्याच्या हातभर लांब वाळक्या शेंगा, नीलगिरीच्या सालींच्या पट्ट्या आणि सगळीकडे शिरपुटं. पाहुणे यायच्या आत हे सगळं उचललं गेलं पाहिजे.

उचलतात शेजारच्या वस्तीतल्या बायका. बचत गटाच्या निमित्तानं माझं तिथं जाणं-येणं असतं. या कामालाही एक रीत आहे बरं का. ओल्या गवतात खराटा चालत नाही, काटकी गवतात अडकूनच राहते. दाताळं जोरात ओढलं तर गवत मुळासकट हातात येतं. म्हणून ओळीनं वाकून हातानंच वेचायचं. जाड फांद्या एकीकडे, शिरपुटं दुसरीकडे. पाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं तो हलवायचा, खाली विंचू असू शकतो. आणि ढीग हिरवळीवर तसाच ठेवायचा नाही, दोन-चार दिवसांत खालचं गवत पिवळं पडतं.

एवढं बारकाईनं वेचायचं कारण म्हणजे गवत कापायचं मशीन. त्याचं पातं मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतं. राहिलेली काटकी त्यात सापडली की गोफणीतल्या दगडासारखी सुटते. 2023 च्या मे महिन्यात इथल्याच एका लॉनवर उशीर होतोय म्हणून बायका वेचत असतानाच मशीन सुरू केलं. एक काटकी उडाली ती एका मावशींच्या डोळ्यात. बुबुळाला जखम झाली, आजही त्या डोळ्यानं त्यांना अंधुकच दिसतं. मॅनेजर काय म्हणाला? "तुम्ही मशीनच्या वाटेत आलात कशाला?" उपचाराचा खर्च बचत गटातून कर्ज काढून भागवला. माझं तर डोकंच फिरलं होतं.

आम्ही पाच-सहा जणी मालकांना भेटायला गेलो, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. वेचणीची मजुरी कधी दिलीच जात नव्हती! "काटक्या नेता की फुकट. तीच मजुरी समजा," असा त्यांचा हिशोब. मावशी डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या. म्हणाल्या, "भाऊ, काटक्या वाऱ्यानं पाडल्या, तुम्ही न्हाई. हजेरी तेवढी तुमच्या हातात हाय."

काटक्यांची किंमत त्यांना नाही असं नव्हे. 2016 साली उज्ज्वला योजना आली, त्यानंतर वस्तीत बऱ्याच घरी गॅसची शेगडी पोचली. पण सिलिंडर पुन्हा भरायचा तर पैसे एकरकमी लागतात. म्हणून अंघोळीचं पाणी, भाकरी अजून चुलीवरच. एक मोळी नीट वाळवली तर तेवढाच गॅस वाचतो. नीट वाळवली तर, असं मुद्दाम म्हणते. ओलं लाकूड धूरच जास्त करतं आणि तो सगळा बाईच्याच छातीत जातो. आणि कन्हेरीची काटकी चुकूनही मोळीत नको. तिचा चीक, पानं, लाकूड सगळंच विषारी, धूरसुद्धा. हे मावशीच नव्या मुलींना दाखवून देतात.

दोन-तीन चकरांनंतर मालक ऐकते झाले. आता पहाटेच्या वेचणीची हजेरी लागते, मोळ्या बायकांच्याच, आणि शेवटची बाई हिरवळीबाहेर आल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. पाचोळाही पूर्वी कोपऱ्यात पेटवून देत. आता खड्डा खणलाय. तळाशी शिरपुटांचा थर द्यायचा म्हणजे हवा खेळती राहते, वर पाचोळा आणि पंगतीतलं भाज्यांचं देठ-साल. तेलकट उरलंसुरलं मात्र नाही, नाहीतर घाण सुटते नि उंदीर येतात.

हातमोजे मात्र अजून मिळालेले नाहीत. "एवढ्या-तेवढ्याला काय मोजे," म्हणतात. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहोत. त्याच वेळी वाळक्या फांद्यांचंही बोलायचंय. नगरपालिकेला विचारून त्या थंडीतच उतरवून घेतल्या, तर मे महिन्यात निदान मांडवावर तरी पडणार नाहीत.