मेनफ्रेम शिकायला मेनफ्रेम लागत नाही

जगातल्या अनेक मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब आजही मेनफ्रेम या मोठ्या केंद्रीय संगणकांवर चालतात. त्यांचे कोबॉल प्रोग्राम सांभाळणारे बरेच हात पुण्या-मुंबईत आहेत. सावनेरसारख्या तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाला असं यंत्र विकत घेणं, त्याची वीज आणि देखभाल पुरवणं परवडणार नाही. पण यंत्र नाही म्हणून कौशल्यही नाही, हे मान्य करायचं कारण नाही. हाताशी नसलेल्या यंत्रासाठी काम करण्याचा दाखला जुना आहे: १९७४ च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने बरोज कंपनीच्या एका संगणकमालिकेवरची रुग्णालयाची प्रणाली त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेसाठी बदलून दिली, आणि ते काम मुंबईत आयसीएल १९०३ या तिसऱ्याच संगणकावर झालं.

तेव्हा प्रोग्राम बदलावा लागला होता. इम्युलेटरमध्ये प्रोग्राम तसाच राहतो, त्याला लागणारं यंत्रच सॉफ्टवेअरमधून उभं केलं जातं. रॉजर बोलर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं हर्क्युलिस हे मुक्त सॉफ्टवेअर आयबीएम मेनफ्रेमची प्रत्येक आज्ञा वाचून तिचा नेमका परिणाम साध्या संगणकावर घडवतं. मेनफ्रेमची डिस्क इथे एक फाइल होते आणि टर्मिनल एक खिडकी. हा नेमकेपणा चाचणीत मोलाचा ठरतो. साध्या संगणकाच्या अक्षरसंकेतात अंक आधी येतात आणि रोमन अक्षरं नंतर. मेनफ्रेमच्या एबसिडिक संकेतात अक्षरं आधी, अंक नंतर. अक्षरं-अंक मिसळलेले खातेक्रमांक त्यामुळे दोन्हीकडे वेगळ्या क्रमाने लागतात. क्रमवार लावलेल्या दोन फाइली जुळवणारा प्रोग्राम एकीकडे बिनचूक चालून दुसरीकडे नोंदी गाळू शकतो. हा दोष इम्युलेटरवर दिसतो, नुसत्या कोबॉल कंपायलरवर दिसेलच असं नाही.

इम्युलेटर संथ असतो, हा आक्षेप आजच्या मेनफ्रेमशी तुलना केली तर खरा आहे. लाखो व्यवहारांचा भार त्यावर तपासू नये. पण चुकीचा तर्क संथ यंत्रावरही चुकीचाच निघतो. परवान्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे: आयबीएमची आजची झेड-ओएस प्रणाली हर्क्युलिसवर चालवण्याची परवानगी नाही, आणि हा नियम पाळलाच पाहिजे. मात्र आयबीएमचीच १९८० च्या सुमारासची एमव्हीएस ३.८ ही प्रणाली मोफत मिळते. ती जुनी आहे, पण १९६४ च्या सिस्टम/३६० पासून आयबीएमने जुने प्रोग्राम चालत राहतील याची काळजी घेतली. त्यामुळे तिच्यावर शिकलेली जेसीएल (मेनफ्रेमला काम सोपवण्याची भाषा), असेंब्ली आणि डेटासेटची रचना आजही कामाला येते. आयबीएम स्वतःही विकास आणि चाचणीसाठी साध्या इंटेल संगणकांवर चालणारं इम्युलेटर विकते. पद्धतीच्या विश्वासार्हतेला यापेक्षा मोठा दाखला कोणता?

इंटरनेटवरून दूरच्या खऱ्या मेनफ्रेमवर सराव करता येतो, मग हे कशाला, असंही कोणी विचारेल. तिथे विद्यार्थी पाहुणा असतो. आपल्या इम्युलेटरवर तो प्रणाली सुरू करू शकतो, बिघडवू शकतो आणि पुन्हा उभी करू शकतो. सावनेरच्या महाविद्यालयांनी ही संधी अभ्यासक्रमात आणावी. त्यासाठी नवं यंत्र नको. प्रयोगशाळेतले आहेत ते संगणक आणि शिकवायला तयार असलेला एक शिक्षक पुरेसा आहे.