नस दबलीय, इंजेक्शन घ्यायचं का?

मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात आता खुर्च्या आधी भरतात आणि सतरंजी मोकळी राहते. आपल्या आईवडिलांची पिढी कंबरदुखीच्या वयात आली आहे. बहुतेक घरांत एमआरआयची एक फाइल असतेच.

गेल्या वर्षी माझ्या आईला डॉक्टरांनी मणक्यात इंजेक्शन सुचवलं आणि घरात दोन पक्ष पडले. बाबा म्हणाले, घेऊन टाक. मामा म्हणाला, मणक्याला सुई लागली की माणूस अंथरुणाला खिळतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण निर्णय घ्यायचा तर प्रकार काय आहे ते समजायला हवं, म्हणून डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले आणि वाचन केलं. त्यातलं तुमच्या उपयोगाचं इथे मांडतो.

दुखणं नेमकं कुठलं?

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये पुढे गादी आणि मागे दोन छोटे सांधे. गादी फुगून नसेवर आली की कळ कुल्ल्यातून, मांडीमागून थेट पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाते. हीच सायटिका. सांधे झिजले असतील तर दुखणं मुख्यतः कमरेतच राहतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

फक्त एमआरआय बघून घाबरू नये. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा ५२ टक्के लोकांची कुठली तरी गादी फुगलेली दिसली. म्हणून रिपोर्टमधली जागा आणि पायातली कळ यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांनी तपासून पाहणं महत्त्वाचं.

सुई कशी जाते?

सुई अंदाजाने टोचत नाहीत. रुग्णाला पालथं झोपवून वर सी-आर्म नावाचं कमानीसारखं एक्स-रे मशीन लावतात. जागा बधिर करतात आणि पडद्यावर बघत सुई नसेजवळ नेतात. मग थोडं रंगद्रव्य सोडतात. ते नसेच्या कडेने पसरलं आणि रक्तवाहिनीत गेलं नाही, याची खात्री झाली की स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध देतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी येतो. स्टेरॉइड नसेभोवतीची सूज कमी करतं. गादी जागेवर बसवत नाही.

सांध्यांच्या दुखण्यात आधी चाचणी करतात. सांध्याकडून येणाऱ्या बारीक नसा औषधाने काही तास बधिर करायच्या. तेवढ्यात दुखणं थांबलं तर दोष तिथेच. आमच्या भाषेत हे डीबगिंग. मग रेडिओफ्रिक्वेन्सीने सुईचं टोक साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत, मिनिट-दीड मिनिट तापवून ती नस निकामी करतात. या नसा पाय हलवत नाहीत, त्यामुळे पायाची ताकद जात नाही. पण त्या काही महिन्यांनी पुन्हा वाढतात, म्हणून फरक पडला तरी तो कायमचा नसतो.

उपयोग किती?

इथे जाहिरात आणि अभ्यास यांत अंतर आहे. सायटिकावरच्या इंजेक्शनांच्या २५ चाचण्यांचा आढावा २०२० साली कॉक्रेन या संस्थेने घेतला. १०० पैकी मोजलेलं पायाचं दुखणं, खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत, सरासरी सुमारे ५ गुणांनी कमी झालं, तेही थोड्या काळापुरतं. नेदरलँड्समध्ये ६८१ रुग्णांवर झालेल्या २०१७ च्या चाचण्यांत व्यायामाला रेडिओफ्रिक्वेन्सीची जोड दिल्याने लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नाही. तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यावर हे उपाय नेहमी करू नयेत, असं २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या शिफारशींनी सांगितलं. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. दुसरीकडे, नव्याने झालेली सायटिका बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होते.

मग आम्ही काय केलं?

आईची कळ अडीच महिन्यांची. रात्री झोप नाही, फिजिओथेरपीचे व्यायाम करवत नाहीत. मी तिच्यासमोर हे सगळे आकडे ठेवले. ती म्हणाली, "अरे, मला काही धावायचं नाहीये. खंडेराव मार्केटमधून भाजी आणता आली, तरी पुरे." त्या एका वाक्याने प्रश्न सोपा झाला. व्यायाम सुरू करता येण्याइतका आराम मिळावा, एवढ्याचसाठी तिने एक इंजेक्शन घ्यायचं ठरवलं. आठवड्याभरात पायाची कळ उतरली, ती झोपू लागली आणि व्यायाम सुरू झाला. कंबर अजून धरते. सुधारणेत इंजेक्शन किती, व्यायाम किती आणि निसर्ग किती, हे वेगळं काढता येत नाही. मामा मात्र आता गप्प आहे.

जाण्याआधी विचारा

दुखणं नसेचं की सांध्याचं? सुई सी-आर्मखाली देणार का? फरक पडला नाही तर पुढे काय? मधुमेह असेल तर सांगा. स्टेरॉइडने काही दिवस साखर वाढते. आईचीही वाढली होती, म्हणून आम्ही घरी रोज मोजत होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका. जंतुसंसर्ग किंवा नसेला इजा क्वचितच होते, पण होऊ शकते. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते वाचून घ्या.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर इंजेक्शनची तारीख धरून बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे उशीर झाला तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही.